घरात आणखी एक परीक्षक नको

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फेब्रुवारी महिना कामाच्या घाईत उजाडतो. तासगावकडे द्राक्षांची तोडणी जोरात असते, बेदाण्याच्या शेडवर माणसं पुरत नाहीत. कृष्णाकाठचा ऊस अजून पुरता तुटलेला नसतो, कारखान्याची टोळी कधी येईल याचा भरवसा नसतो. हळद काढून शिजवायला घेतलेली असते. महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो. गावोगावच्या यात्रांच्या बैठका बसू लागतात, वर्गणीच्या पावत्या फाटू लागतात. आणि याच दिवसांत बारावीचे आणि पाठोपाठ दहावीचे पेपर येतात. २०२५ साली बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावीची २१ फेब्रुवारीला. घरातल्या मोठ्यांना मान वर करायला फुरसत नसते, नेमकं तेव्हाच घरातल्या एका लेकराला त्यांची सगळ्यांत जास्त गरज असते. ही पुस्तिका त्या मोठ्यांसाठी आहे.

परीक्षेच्या ताणाबद्दल मुलांना सांगणारे पुष्कळ आहेत. शाळेत व्याख्यानं होतात, वर्तमानपत्रांत सदरं येतात, वेळापत्रक कसं आखावं, उत्तरपत्रिका कशी लिहावी हे सांगितलं जातं. आईवडिलांशी मात्र कुणी फारसं बोलत नाही. पालकसभेत त्यांना बोलावतात ते मुलाचे गुण ऐकवायला. मग ते घरी येऊन तेच मुलाला ऐकवतात. मूल पेपरला जितकं घाबरतं, त्याहून जास्त ते घरच्यांच्या चेहऱ्याला घाबरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पेपर तपासणारा त्याला ओळखत नाही, त्याच्यापुढे फक्त उत्तरपत्रिका असते. वडील ओळखतात. त्यांच्या नजरेतून उतरण्याची भीती तीन तासांच्या पेपरात संपत नाही, ती मुलाबरोबर घरी येते.

ही भीती कुठवर जाऊ शकते हे आपल्याच भागाने पाहिलं आहे. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात बारावीत शिकणारी मुलगी घरात झालेल्या मारहाणीत गेली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या सराव चाचणीत तिला कमी गुण पडले होते. दहावीला तिने ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवले होते. पोलिसांनी अटक केली ती तिच्या वडिलांना, आणि ते स्वतः शिक्षणाच्या क्षेत्रातले होते. तिचं किंवा तिच्या घरच्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्या घराच्या वाट्याला पुरेसं दुःख आलं आहे. पण ही घटना वगळून सांगलीत बसून पालकांसाठी काही लिहिणं मला खोटेपणाचं वाटलं असतं. ती परीक्षा नीटही नव्हती, नीटचा सराव होता. तिच्या गुणांवर कुठलाही प्रवेश अवलंबून नव्हता, कुठल्याही गुणपत्रिकेवर ते छापले जाणार नव्हते.

बातमी आली तेव्हा सगळे हळहळले, आणि बहुतेकांनी मनाशी म्हटलं, आपण असे नाही. खरंच, बहुतेक आईवडील असे नाहीत. पण त्या रागाच्या मुळाशी जी भीती होती ती आपल्या घराघरांत आहे. तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं म्हणता येत नाही. माणूस जिवावर उदार होतो तेव्हा कारणं गुंतलेली असतात. पण घरात कुणालाही काही कळलं नव्हतं, हे वाक्य अशा घटनांनंतर पुन्हा पुन्हा ऐकू येतं, आणि ते आईवडिलांच्या काळजाला जन्मभर चिकटून राहतं.

दुसरा आकडाही सांगितला पाहिजे. राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात. दहावीच्या निकालात हा विभाग बहुधा कोकणाच्या पाठोपाठ असतो. २०२४ साली कोल्हापूर विभागाचा निकाल ९७.४५ टक्के लागला. म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव मुलं उत्तीर्ण होतात. तरीही घराघरांत दहावीच्या वर्षाची धास्ती कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. कारण आता भीती नापास होण्याची राहिलेली नाही. ८५ पडले तर ९० का नाहीत, ९० पडले तर शेजारच्या घरातल्या मुलीला ९४ कसे, ही ती भीती आहे. पस्तीस गुणांची रेषा पार केली की मूल सुटायचं. नव्या रेषेला ठिकाण नाही, त्यामुळे ती कुणालाच पार करता येत नाही.

आईवडिलांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. ती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांनी पिढ्यान् पिढ्या पावसाची वाट पाहिली. पाटण, जावळीच्या डोंगरातून माणसं मुंबईला गेली आणि माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहून त्यांनी घरं चालवली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पसरली. आज दूरदूरच्या शहरांच्या सराफ बाजारांत गलाईच्या दुकानातून आपल्याकडचं मराठी ऐकू येतं. बागायती भागातही भावाभावांत वाटण्या होऊन शेतीचे तुकडे झाले. अशा ठिकाणी परीक्षा हीच वर चढायची एकमेव शिडी होती. एक मुलगा फौजदार झाला, एक मुलगी डॉक्टर झाली, की सगळ्या भावकीचे दिवस पालटले. हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. आमचं झालं नाही, तुझं तरी होऊ दे, असं बाप म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात अनेक दुष्काळ साठलेले असतात. पण सोळा-सतरा वर्षांच्या खांद्यावर ते सगळे दुष्काळ एकदम ठेवले, तर त्याला पुस्तकातली ओळ दिसेनाशी होते.

याच मातीत दुसरी उदाहरणंही आहेत, आणि ती आज मुद्दाम आठवण्यासारखी आहेत.

यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्रे गावी जन्मले. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं, आणि देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील लहानपणीच प्लेगने गेले. आई विठाईंनी कष्ट करून मुलं वाढवली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३२ साली, शाळेत शिकत असतानाच, यशवंतरावांना कायदेभंगाच्या चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुलाने माफी मागितली तर तो सुटेल, असं शाळेच्या एका शिक्षकांनी या माउलीला सुचवलं. तिने ते मानलं नाही. मुलाला भेटली तेव्हा तिने त्याला तब्येत सांभाळायला सांगितलं. ही हकिगत यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांचं मॅट्रिक झालं ते १९३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. बरोबरीची मुलं पुढे गेली होती. आजच्या भाषेत याला आपण गॅप म्हणू आणि चार नातेवाईक चिंतेने विचारपूस करायला येतील. त्या घरात मुलाचं वर्ष वाया गेलं म्हणून कुणी त्याला बोल लावला नाही. निरक्षर आईला मुलगा काय शिकतो हे समजत नव्हतं. तो कसा आहे हे मात्र पुरतं समजत होतं.

दुसरं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांचं स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच झालं. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांचे नांगर खेड्यापाड्यांत विकत हिंडले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. एकदा पैशांची चणचण भासली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या जेवणासाठी दिलं. या गोष्टीकडे आपण त्यागाची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती आहेच. मला तिच्यात कामाचा एक क्रमही दिसतो. आधी पोटाला भाकरी, निजायला जागा, आपण इथले आहोत हा भरवसा. पुस्तक त्यानंतर. परीक्षेच्या दिवसांत आपली घरं हा क्रम नेमका उलटा करतात. मूल जेवलं का हे विचारायच्या आधी धडा झाला का हे विचारलं जातं.

ताण म्हणजे काय होतं हेही थोडं समजून घेऊ. थोडी धाकधूक चांगलीच असते. तिच्यामुळे माणूस उठून अभ्यासाला बसतो. ती एका मर्यादेपलीकडे गेली की काम बिघडतं. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि ती जागा फार मर्यादित असते. तिथे काळजी शिरली की पायऱ्यांना जागा उरत नाही. घरी दहा वेळा सोडवलेलं उदाहरण परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही ते यामुळे. मुलाने अभ्यास केला नव्हता असा त्याचा अर्थ नसतो, आणि तुझं लक्षच नव्हतं असं म्हणून आपण त्याच्यावर अन्याय करतो. शिकागो विद्यापीठाच्या रामिरेझ आणि बेलॉक या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवायला दिली, तेव्हा जास्त घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. काळजीला बाहेर पडायला वाट मिळाली, एवढंच झालं. ती वाट कागद असू शकतो, तसाच आईचा कानही असू शकतो. अट एकच: ऐकताना मध्ये उपदेश करायचा नाही.

झोपेचं तसंच. दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत दिवा जळताना दिसला की आपल्याला समाधान वाटतं, पोरगं कष्ट करतंय असं वाटतं. पेपरच्या आदल्या रात्री जागलेलं मूल दुसऱ्या दिवशी अर्ध्या डोक्याने पेपर लिहितं. अकराला दिवा बंद करायला लावणं हेही आईवडिलांचं काम आहे, आणि माझ्या मते पहाटे उठवण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

आता एक संध्याकाळ जवळून पाहू. दहावीचा बीजगणिताचा पेपर झाला आहे. ४० गुणांचा, दोन तासांचा. दोन दिवसांनी भूमितीचा आहे. मुलगी घरी येते, दप्तर टेकते, पाणी पिते. आई म्हणते, "कसा गेला गं?" ती म्हणते, "बरा गेला." इथे थांबता आलं असतं. पण बाबा मळ्यातून येतात आणि विचारतात, "बरा म्हंजे? किती सुटला? किती पडतील?" मग प्रश्नपत्रिका मागवली जाते. क्लासच्या ग्रुपवर उत्तरं आलेली असतात. एकेक प्रश्न ताडून पाहिला जातो. एका उदाहरणात चिन्ह चुकल्याचं सापडतं. "एवढं सोपं चुकलीस?" मग तीन गुण गेले, आणखी एक गेला, अशी बेरीज जेवणाच्या ताटापर्यंत चालते. मुंबईहून काकांचा फोन येतो, फोन स्पीकरवर ठेवला जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. त्या रात्री ती भूमितीचं पुस्तक उघडते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ते चुकलेलं चिन्हच असतं. बीजगणिताचे गेलेले गुण कुणाच्या हिशेबाने परत येणार नव्हते. भूमितीचे मात्र त्या संध्याकाळी जायला लागले.

यात कुणीही वाईट नाही. आईला काळजी आहे, वडिलांना काळजी आहे, काकांनी मायेनेच फोन केला आहे. फक्त प्रत्येकाने परीक्षकाची खुर्ची ओढून घेतली. सगळे पेपर संपेपर्यंत झालेला पेपर घरात उघडायचा नाही, एवढा एकच नियम या पुस्तिकेतून तुमच्या घरात गेला तरी ती लिहिल्याचं सार्थक झालं असं मी मानेन. नातेवाइकांच्या फोनचा बंदोबस्त आईवडिलांनी करायचा. "चांगले चाललेत पेपर, संपले की तीच बोलेल तुमच्याशी," एवढं उत्तर पुरतं. त्याने कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी चालेल.

सगळ्यांच्या घरात संध्याकाळी आईवडील असतातच असं नाही. गलाईवाल्यांची, माथाड्यांची कितीतरी मुलं गावी आजी-आजोबांकडे राहून शिकतात. वडील रोज रात्री फोन करतात, आणि हातात दहा मिनिटं असतात. त्यातली नऊ अभ्यासाची चौकशी करण्यात जातात, कारण दूर असल्याची टोचणी त्यांना लागलेली असते आणि चौकशी केली की कर्तव्य केल्यासारखं वाटतं. अशा वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फोनवर अभ्यासाचं विचारूच नका. आज काय खाल्लं, म्हैस व्याली का, मित्राच्या सायकलचं काय झालं, हे विचारा. तुमच्याकडच्या शहरात आज काय घडलं ते सांगा. आपला बाप आपल्याशी बोलायला फोन करतो हे मुलाला कळू द्या. जमलं तर पहिल्या पेपरला गावी या. सुट्टी गणपतीला आणि यात्रेला काढतो, तशी यालाही काढावी. आणि आजी-आजोबांना दोष देऊ नका. सातवी शिकलेल्या आजीला रसायनशास्त्र कळणार नाही, पण पहाटे चहा करून नातवाजवळ गोधडी पांघरून बसणारी आजी त्याला जे देते ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

यात्रांबद्दल गावाला एक विनंती. यात्रा होऊ द्या, देवाचं काम आहे. पण ज्या गावात दहावी-बारावीची मुलं आहेत तिथे पेपरच्या आदल्या रात्री कर्णे लवकर बंद व्हावेत. यात्रा कमिटीत बसणारी माणसं याच मुलांचे काका-मामा असतात.

नीट, जेईई आणि सीईटीबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आता दहावीच्या निकालाच्या दिवशीच पुढच्या क्लासची चौकशी सुरू होते. लातूरला पाठवायचं, कोटाला पाठवायचं, की इथेच ठेवायचं, यावर घरात खल होतो. कर्ज काढून भरलेल्या फीची मुलाला रोज आठवण करून दिली जाते. एक साधा हिशेब मांडतो. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांवर मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सतरा-अठरा मुलांमागे एक जागा. उरलेल्या सोळा-सतरांनी कष्ट केले नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. जागाच नाहीत. हे मुलाला आधीच, शांतपणे, आकड्यांसकट सांगितलं पाहिजे. आणि त्याआधी आईवडिलांनी स्वतःला सांगितलं पाहिजे. डॉक्टर होणं ही चांगली इच्छा आहे, ती ठेवावी, तिच्यासाठी झटावं. पण तिच्याशेजारी दुसरी वाटही मांडलेली असावी, आणि ती वाट कमीपणाची म्हणून मांडलेली नसावी. एकदा रिपीट केल्यावर पुन्हा करायचं का, हे ठरवताना मुलाचं मत शेवटी विचारू नये, पहिल्यांदा विचारावं.

क्लासच्या सराव परीक्षांचे गुण दर आठवड्याला पालकांच्या मोबाइलवर येतात. ते पाहून दर आठवड्याला घरातलं वातावरण बदलतं. सराव परीक्षा चुका सापडाव्यात म्हणून असते. तिथे चुका झाल्या तर ती कामाला आली असं समजायचं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत लाजवू नये, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादू नयेत, असं त्यात आहे. ते शाळांना आणि क्लासेसना उद्देशून आहे. घरातल्या तुकड्यांचं, म्हणजे हुशार थोरला आणि ढ धाकटा या वाटणीचं, न्यायालय काही करू शकत नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

कॉपीबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहितो. परीक्षा केंद्राच्या कुंपणाबाहेर चिठ्ठ्या घेऊन उभे राहणारे पालक आणि थोरले भाऊ महाराष्ट्राने पाहिले आहेत. मंडळाला दर वर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं. आपण मुलाला मदत करतो आहोत असं अशा पालकाला वाटतं. मुलाला मात्र कळतं ते एवढंच, की माझ्या बापाला माझा भरवसा नाही. शिवाय पकडलं जाण्याची भीती वेगळीच. मुलाचा ताण हलका करायचा असेल, तर त्याला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडा, हॉलतिकीट आणि पेन पाहून घ्या, आणि घरी या. वेळेचंही सांगून ठेवा: २०२३ पासून पेपर संपताना दहा मिनिटं जादा दिली जातात, घाई करून पुरवण्या अर्धवट बांधायचं कारण नाही.

निकालाच्या दिवसाची तयारी परीक्षेच्या तयारीइतकीच करावी लागते. निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो, साइट उघडत नाही, शेजारच्या घरात पेढे वाटले जातात, आणि आपल्या घरात मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेलं असतं. त्या तासाला आईवडिलांपैकी एकाने तरी घरात असावं. रानातलं काम एक दिवस थांबेल. गुण कमी पडले तर पहिला अर्धा तास काहीही बोलू नये, जवळ बसावं. आणि नापास झालं तर? वाटा पुष्कळ आहेत, आणि त्या निकालाच्या आधीच आईवडिलांना ठाऊक असाव्यात. पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होते, पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करून घेता येतं, श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. आयटीआय आहे, पदविका आहे. ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी, मिरज, साताऱ्याची औद्योगिक वसाहत, या भागाला हाताने काम करणाऱ्यांनी नाव मिळवून दिलं. तिथल्या कुशल कामगाराला लाज वाटावी असं काही नाही.

काही वेळा आईवडिलांचं प्रेम पुरत नाही, तेव्हा डॉक्टर लागतो. मूल आठवडे न् आठवडे नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, पेपर जवळ आला की पोटात दुखत किंवा उलटी होत असेल, मित्रांशी बोलणं बंद केलं असेल, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, मी नसतो तर बरं झालं असतं असं काही बोलत असेल, तर नाटक करतंय म्हणू नका. मरणाचं मनात येतं का, असं सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला जागा मिळते. अशा वेळी त्याला एकटं ठेवू नका, आणि शेतातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा. आपल्या भागात घरोघरी फवारणीची औषधं हाताशी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. साताऱ्याचं आणि सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं सरकारी रुग्णालय, इथे मनाच्या आजारांसाठी डॉक्टरांना भेटता येतं. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये तर असावाच, तुमच्याही असावा, कारण आईवडिलांचाही जीव घाबरतो आणि त्यांनीही फोन करायला हरकत नाही.

पुढच्या पानांत हे सगळं महिन्यांच्या क्रमाने येईल: दिवाळीपासून पूर्वपरीक्षेपर्यंत, पूर्वपरीक्षेपासून शेवटच्या पेपरपर्यंत, आणि मग निकालापर्यंतचे ते लांबच लांब दिवस. शिष्यवृत्तीला, नवोदयला, साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या लहानग्यांसाठी वेगळा भाग आहे, कारण नऊ-दहा वर्षांच्या पोराला हरलास म्हणायची सवय आपल्याकडे तिथूनच लागते. प्रत्येक भाग छोटा ठेवला आहे. दिवसभर रानात किंवा दुकानात राबून आलेल्या माणसाला वाचता यावा इतका.

एक विनंती करतो. ही पुस्तिका मुलाच्या टेबलावर ठेवू नका, ती त्याच्यासाठी नाही. घरातल्या बाईच्या हाती देऊन वडिलांनी मोकळंही होऊ नये. दोघांनी वाचावी, आजी-आजोबांना वाचून दाखवावी, आणि हे काम हंगाम अंगावर यायच्या आधी, डिसेंबरातच उरकावं.